जपानी धाटणीच्या बागेसाठी आडोशाची झाडं: गोव्यातल्या नर्सरीतून काय घ्यावं, काय सोडावं

पर्वरी, सांगोल्डा, आसगाव या पट्ट्यात एक प्रसंग वारंवार घडतो. शेजारच्या भाटात (बागायतीच्या जागेत) दोन मजले चढतात, त्यांची गॅलरी थेट आपल्या बाल्कांवावर (घरापुढच्या उघड्या ओसरीवर) येते, आणि घरमालक नर्सरीत जाऊन म्हणतो, "लवकर वाढेल असं काहीतरी द्या." मग त्याला पिवळा बांबू, फायकस नाहीतर मोरपंखी मिळते. बाग जपानी धाटणीची करायची असेल तर ही तिन्ही खरेदी चुकीची आहे. का, ते पुढे येईलच. नर्सऱ्यांत आडोशासाठी म्हणून जी झाडं दाखवली जातात, ती इथे तीन कसोट्यांवर पारखली आहेत: गोव्याचा वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडणारा आणि बहुतेक सगळा चार महिन्यांतच कोसळणारा पाऊस, त्यानंतर मेअखेरपर्यंतचा कोरडा काळ, आणि जपानी बागेत ते झाड मुळात शोभतं का.

झाडाचं नाव ठरवण्याआधी दोरी आणि मोजपट्टी घ्या. जपानी बागेत सगळी हद्द झाकत नाहीत, नको असलेली नजर तेवढी अडवतात. हिशेब सोपा आहे. बाल्कांवाच्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बैठकीवर, बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून ४ फुटांवर असतो. शेजारच्या पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाचा साधारण १६ फुटांवर. आपल्यापासून कुंपणाची भिंत २५ फूट आणि तिथून त्यांची गॅलरी आणखी २० फूट लांब असेल, तर नजरेची रेघ भिंतीवर पावणेअकरा फूट उंचीवरून जाते. म्हणजे भिंतीलगत अकरा फुटांची हिरवी भिंत वाढवावी लागेल. तीच रेघ बाल्कांवापासून ९ फुटांवर मोजली तर जेमतेम साडेसहा फूट भरते. तिथे सात फुटांची दोन-तीन झाडं नेमकी लावली की काम झालं! खर्च वाचतो, छाटणी शिडीशिवाय होते, आणि मागचे माड, डोंगर किंवा खाजन शेत (खाडीकाठचं बांध घातलेलं खारं शेत) उघडं राहतं. मागचं दृश्य असं बागेत ओढून घेण्याला जपानीत शाक्केई म्हणतात. चोडण-दिवाडी बेटांसारख्या ठिकाणी सरसकट कुंपण लावून ते घालवणं म्हणजे बागेतली सगळ्यात मोलाची गोष्ट स्वतःच्या हातानं झाकणं आहे.

रोपं मरण्याचं पहिलं कारण रोपात नसतं, खड्ड्यात असतं. जांभ्याच्या पठारावर दोन फुटांचा खड्डा खणला की तो घागरीसारखा भरतो आणि जुलैत मुळं पाण्यात बुडून कुजतात. लावण्याआधी खड्डा पाण्यानं भरून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळात पाणी दिसलं तर तिथे सुटे खड्डे करू नका. दोन फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल असा सलग चर खणा, तळाला एका टोकाकडे उतार द्या, आणि ते टोक बाहेर व्हाळीकडे (ओहोळाकडे) किंवा गटाराकडे मोकळं ठेवा. भरताना दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडसर रेती किंवा चिऱ्यांची बारीक खडी. अर्धवट कुजलेलं खत घातलं तर वाळवीला आमंत्रण. माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आठ-नऊ इंच वर येऊ द्या. जपानी बागेत कृत्रिम उंचवटे करतातच, त्यामुळे ते वावगं दिसत नाही. आणखी एक गोष्ट गवंडी कधी सांगत नाहीत: नव्या भिंतीच्या पायथ्याशी सिमेंटचा राडा पुरलेला असतो. आपली माती स्वभावतः आंबट, पण त्या राड्यामुळे तेवढ्या पट्ट्यात ती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. लोक मग खतं बदलत बसतात. राडा उपसून बाहेर काढणं हाच उपाय.

आता झाडं. पहिली पसंती पोडोकार्पस मॅक्रोफायलस, जपानीत इनुमाकी. हे काही जपानसारखं दिसणारं बदली झाड नव्हे, जपानमधलंच कुंपणाचं झाड आहे. चिबा प्रांतानं आपलं झाड म्हणून ते निवडलं आहे आणि तिथल्या बोसो द्वीपकल्पात समुद्रवारा अडवायला घरांभोवती त्याचीच कुंपणं दिसतात. खारा वारा, दमट हवा, आंबट माती या तिन्ही गोष्टी त्याला मानवतात. म्हणजे हणजूण ते काणकोण आपली किनारपट्टी. पान लांबट, गडद, जाडसर. ते छाटलं तरी फाटल्यासारखं दिसत नाही. जुन्या लाकडातूनही फूट येते, त्यामुळे छाटणीत चूक झाली तरी भरून निघते. उणीव एकच, पण मोठी: वाढ संथ. वर्षाला साधारण फूटभर धरून चाला. म्हणून हे दीड फुटाचं रोप स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. चार-पाच फुटांची, जमिनीपर्यंत फांद्या असलेली रोपं निवडा आणि दोन फुटांवर एक अशी लावा. खालून उघडं पडलेलं रोप कितीही उंच असलं तरी सोडा, खालच्या फांद्या परत भरायला फार वर्षं जातात. पाणी साचलं तर मात्र हे झाड माफ करत नाही, म्हणून वरचा चर याच्यासाठी सक्तीचा समजा. कोवळ्या शेंड्यांवर राखाडी-निळसर मावा येतो आणि त्याच्या चिकट स्रावावर काजळी धरते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतलं की बहुतेक वेळा पुरतं, नाहीतर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा.

छाटताना कुंपणाचा पाया माथ्यापेक्षा रुंद ठेवा, दर फूट उंचीला दोन्ही बाजूंनी इंचभर आत. उलट झालं, म्हणजे माथा पसरला, तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि दोन वर्षांत पायथ्याशी भोकं पडतात. गोव्यातल्या बऱ्याच कुंपणांची हीच रड आहे.

बांबूबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत इथेच सर्वात जास्त होते. 'गोल्डन बांबू' या एका नावाखाली नर्सऱ्यांत तीन वेगवेगळी झाडं विकली जातात. पहिला बांबुसा व्हल्गॅरिसचा पिवळा प्रकार: पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा, काठी मनगटाएवढी किंवा त्याहून जाड. पिशवीत तो देखणा दिसतो, पण चाळीस फुटांपर्यंत जातो, बेट सैल पसरतं आणि पावसाळी वाऱ्यात काठ्या शेजाऱ्याच्या कौलांवर झुकतात. घराच्या आवारात नकोच. दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, थंड हवेतला आणि जमिनीखालून धावणारा. आपल्या उष्ण हवेत तो धड दाटत नाही आणि जिथे नको तिथे कोंब काढतो. तिसरा बांबुसा मल्टिप्लेक्सचा 'गोल्डन गॉडेस': बारीक काठी, नाजूक पान, बेट आखूड आणि आवरलेलं. घ्यायचा तो हाच, किंवा त्याचाच भाऊ 'अल्फॉन्स कार', ज्याच्या पिवळ्या बारीक काठीवर हिरव्या रेघा असतात. ओळख पटवायची खूण पेरावर आहे. पेरातून दोनच फांद्या आणि फांदीच्या वर काठीला सपाट खाच दिसली तर तो फायलोस्टॅकिस. पेरातून फांद्यांचा झुबका आणि काठी पूर्ण गोल असेल तर बांबुसा. विक्रेत्याला नाव विचारू नका, पेर बघा.

मल्टिप्लेक्सला जपानीत होराईचिकू म्हणतात आणि जपानच्या उबदार दक्षिण भागात त्याची कुंपणं लावतात, त्यामुळे शोभण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे तो १२ ते १८ फूट जातो. साडेतीन-चार फुटांवर एक बेट आणि भिंतीपासून निदान तीन फूट आत. अंतर कमी ठेवलं तर पाच-सहा वर्षांत बेटं एकमेकांत घुसतात, आणि मग जुन्या काठ्या काढायला हात जात नाही. पिशवीत तीन-चार वेगवेगळ्या जाडीच्या काठ्या आणि तळाशी निदान एक नवा कोंब दिसला पाहिजे. एकच काठी खोचलेली असेल तर ती हलकेच ओढून पाहा. सहज हलली तर मुळं धरलेली नाहीत. पहिल्या दोन पावसाळ्यांत येणाऱ्या काठ्या बारीक आणि लोळणाऱ्या असतात, त्यानं हिरमुसू नका. खरा आडोसा तिसऱ्या पावसाळ्यापासून मिळतो. कोंब जून ते सप्टेंबरमध्ये येतात. त्या काळात बेटाच्या बुडाशी पाय नको, खुरपं नको. तीन वर्षांवरच्या काठ्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमिनीलगत, पेराच्या अगदी वर कापा. कापाच्या वर पोकळ नळी शिल्लक राहिली तर तिच्यात पाणी साचतं आणि डास होतात.

दुसरा मजला झाकायचाच असेल तर थायर्सोस्टॅकिस, नर्सरीच्या भाषेत मोनॅस्ट्री बांबू. काठ्या सरळसोट, बेट घट्ट, पान बारीक. जुनी फिकट आवरणं काठीला चिकटून राहतात, ती सोलून काढू नका. तीच त्याची शोभा. २० ते ३० फूट उंची धरा, अंतर पाच फूट. बांबूचा सगळ्यांत मोठा त्रास म्हणजे पानगळ. पांढरी खडी पसरून तिच्यावर रेघा ओढायची कोरडी बाग करणार असाल तर बांबू खडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला कधीही नको. फेब्रुवारी ते मे रोज झाडलोट करावी लागेल.

सावलीतल्या अरुंद जागेला, म्हणजे घर आणि भिंतीमधल्या चार फुटांच्या बोळाला किंवा आंब्या-फणसाच्या छायेला, ऱ्हापिस एक्सेल्सा या पामाइतकं चांगलं दुसरं काही नाही. जपानमध्ये हे कान्नोनचिकू म्हणून एदो काळापासून (१६०३ ते १८६८) हौसेनं जोपासलं जातं. सहा-आठ फुटांवर थांबतं, छाटणी लागत नाही, पान पंख्यासारखं उभं राहतं. वाढ मात्र पोडोकार्पसहूनही मंद, म्हणून पिशवीत पाचेक खोडं असलेलीच रोपं घ्या आणि दोन-अडीच फुटांवर लावा. दुपारचं थेट ऊन लागलं की पानं पिवळी पडतात आणि खाऱ्या वाऱ्यानं टोकं जळतात. किनाऱ्यालगत घराच्या आडोशाला असेल तरच लावा. नर्सरीत ते पूर्ण शेडनेटखाली वाढलेलं असतं, त्यामुळे घरी आणल्यावर पंधरा दिवस दाट सावलीत ठेवून मगच ठरलेल्या जागी न्या.

कुंती, म्हणजे कामिनी, ही आपल्याच देशातली आणि ओकिनावातही कुंपणाला वापरली जाणारी. दाट, चकचकीत, पावसाच्या सरीनंतर सगळं आवार दरवळतं. सात-आठ फुटांपर्यंतच्या कुंपणाला पैसा वसूल करणारं झाड हेच. दोन गोष्टी बघा. 'मिनी कामिनी' घेऊ नका, ती तीन-चार फुटांवर थांबते आणि आडोशाच्या कामाची नाही. आणि आवारात लिंबू, मोसंबी असेल तर विचार करा: लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कुंतीच्या कोवळ्या फुटीवर पोसली जाते. लिंबू जवळ असेल तर आम्ही कुंती सुचवणार नाही.

भिरंड, म्हणजे कोकम, आडोशाचं झाड म्हणून कोणी विकत नाही, याचं वाईट वाटतं. ओकिनावातल्या बिसे गावात घरांभोवती फुकुगीच्या झाडांच्या उंच भिंती आहेत, त्या वादळी वाऱ्यापासून घरं वाचवतात. फुकुगी आणि आपलं भिरंड दोन्ही गार्सिनिया कुळीतली. सदाहरित, शंकूसारखी सरळ वाढ, झुकत्या फांद्या आणि तांबूस कोवळी पालवी. मागच्या हद्दीला उंच गडद पडदा म्हणून कुळागरातलं (पोफळी-माडांच्या बागेतलं) हे झाड शोभून दिसतं. इथे कलम घेऊ नका, रोप घ्या. आडव्या फांदीच्या काडीवरून केलेलं कलम झुडपासारखं पसरतं, बियांचं रोप मात्र सरळ वर जातं. बियांच्या रोपांत बरीच नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही. आडोशासाठी ते चांगलंच, खाली सडा पडत नाही. दहा फुटांवर एक लावा आणि आठ-दहा वर्षांचा धीर धरा. मधल्या काळात पुढे कुंतीची रांग ठेवता येते. अशा मिश्र कुंपणाला जपानीत माझेगाकी म्हणतात, त्यामुळे ती तडजोड ठरत नाही.

पाइनचा भास हवा असेल तर सुरूचं झाड (कॅज्युअरिना). समुद्रकिनाऱ्यावर तर दुसरा पर्यायच नको. अडीच फुटांवर लावून दर सहा-आठ आठवड्यांनी कातरलं तर ते मऊ, राखट हिरवं, दाट राहतं. दोन छाटण्या चुकल्या की झाड हाताबाहेर गेलं समजा. त्याच्या काडीकचऱ्याखाली गवत किंवा शेवाळ वाढत नाही, तिथे खडीच घाला. छाटणीला माणूस ठरलेला असेल तरच घ्या. अंजनी नेहमीच्या नर्सरीत क्वचित दिसते, पण मिळाली तर सोडू नका: जांभ्यावर आपोआप वाढणारी, लहान चकचकीत पानांची, फांदीला चिकटून निळी फुलं येणारी, आणि गोलसर छाटायला उत्तम.

आता न घेण्याची यादी. फायकस, मग त्याला 'पांडा' म्हणा की 'बेंजामिना', झपाट्यानं दाटतो हे खरं. पण त्याची मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत, सोकपिटात आणि पाण्याच्या टाकीत शिरतात. मातीत बांधलेल्या जुन्या घराजवळ तर नाहीच नाही. मोरपंखी पावसाळ्यात आतून तपकिरी होत जाते आणि तिच्या जुन्या लाकडाला फूट येत नाही, त्यामुळे पडलेलं भोक कायमचं राहतं. खोटा अशोक खांबासारखा सरळ जातो. एका ओळीत सरकारी इमारतीचं आवार दिसतं, बाग दिसत नाही. जपानी मेपल आणि कॅमेलिया यांना थंडी लागते. गोव्याच्या सपाटीवर ती कुंडीत काही महिने टिकतात आणि जातात. कोणी खात्रीनं विकत असेल तरी पैसे घालू नका. लकी बांबू हा बांबूच नाही.

झाडं मोठी होईपर्यंतची दोन-तीन वर्षं काय? त्यासाठी बांबूच्या काठ्यांची ताटी, ताकेगाकी, हा जपानी बागेतलाच उपाय आहे, आणि त्यासाठी लागणारा उत्तम माल आपल्या शेजारी आहे: सिंधुदुर्गातला माणगा बांबू. काठी जवळजवळ भरीव, बिनकाट्याची, सरळ. पक्व म्हणजे तीन वर्षांवरची, पावसाळ्यानंतर तोडलेली काठी मागा. कोवळ्या काठीत पिष्ट जास्त असतं आणि भुंगा तिचं पीठ करतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेली काठी घेतली तरी ते औषध पावसात धुऊन जातं, म्हणून वर तेलाचा हात आणि माथ्यावर एखादं आडवं टोपण हवंच. काठीचा पाय मातीत पुरला तर एक-दोन पावसाळ्यांत कुजतो. तो चिऱ्यावर टेकवा आणि खांबाला बांधा. जपानी कारागीर काळी केलेली शुरो पामच्या तंतूंची दोरी वापरतात. इथे काळ्या रंगात बुडवलेला काथ्या तेच काम करतो. तो ओला करून बांधा, वाळला की गाठ बसते. नायलॉनची दोरी वापरली तर सगळी मेहनत वाया जाते, दुरूनही ती चमकते.

लावणीची वेळ झाडागणिक वेगळी. बांबू, भिरंड आणि सुरू जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, जमीन भिजल्यावर. पोडोकार्पस, कुंती, ऱ्हापिस मात्र सप्टेंबरात, जोराचा पाऊस ओसरल्यावर. मुळांना ओल मिळते आणि बुडण्याची भीती राहत नाही. पिशवी फाडल्यावर मुळं तळाशी गोल फिरलेली दिसली तर धारदार सुरीनं तीन बाजूंनी उभी चीर द्या, नाहीतर ती जमिनीतही तशीच गोल फिरत राहतात. नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा, मार्चपासून तीनदा सावकाश पाणी द्या, आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून सुक्या पानांचं किंवा सोडणाचं (नारळाच्या सालीचं) तीन इंच आच्छादन घाला. सुरू, भिरंड किंवा इतर मोठं झाड लावताना एक ध्यानात असू द्या: गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. नको असलेलं रोप बारीक असतानाच काढा.

बांबूच्या बेटाचं शेवटचं काम चौथ्या वर्षी येतं आणि जपानी रूप त्यानंच खुलतं. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या पेरालगत साफ कापून काठ्या उघड्या करा. बसलेल्या माणसाची नजर त्याच्या वरच्या पानांवर अडते, आणि खालून वारा व संध्याकाळचा तिरपा उजेड आत येतो. हे काम ऑक्टोबरनंतर करा. पावसाळ्यात केलं तर कापांवर बुरशी धरते आणि खालचे नवे कोंब पायाखाली मोडतात.